घोडनेरकरीण

सासरी सरूबाईला नावाने कधी कुणी हाक मारली नाही. मीना नदीच्या खोऱ्याला जुनी माणसं मीननेर म्हणतात, घोड नदीच्या खोऱ्याला घोडनेर, आणि मधे डोंगराची धार. धारेवरचं पाणी ज्या नदीला मिळेल त्या नेराचं. पाण्याचं बरं असतं, ते एकदाच ठरतं. सरूबाई मात्र लग्नात घोडनेरातून धार ओलांडून मीननेरात आली आणि घोडनेरकरीण झाली. भात लावताना तिचा हात जरा थांबला की जाऊ कुशाबाई बांधावरून ओरडायची, "ए घोडनेरकरणी, तुज्या नेरात बसून भात लावत्यात व्हय?" तेव्हा तिला या नावाचा भारी राग यायचा.

पुढे धरण झालं. माहेर पाण्याखाली गेलं, भाऊ पांगले, आणि माहेरचं म्हणून ते चिडवायचं नावच तेवढं उरलं. गेल्या दिवाळीत कुशाबाई गेली, तसं तेही गेलं. आता सरूबाई कुणाची आई, कुणाची आज्जी. नात श्रेयाने मोबाइलवर 'घोडनेर' शोधून पाहिलं.

"आज्जी, असं गावच नाय दाखवत."

"गाव न्हाई गं ते, नेर हाय!" सरूबाई चिडली, आणि मग तिचे डोळे भरून आले. त्या नावाने आपल्याला एकदा कुणीतरी ओळखावं, एवढाच तिला ध्यास लागला होता.

उन्हाळ्यात हट्ट करून तिने श्रेयाच्या स्कूटीवरून धारेवरची खिंड गाठली. पलीकडे दूरवर धरण आटलं होतं, चिखल उघडा पडला होता. त्यात आपलं घर कुठे होतं, तिला काही सांगता येईना. झाडाखाली करवंदं विकणाऱ्या म्हातारीने तिला निरखून विचारलं, "कोंच्या नेरातल्या वं तुमी?"

किती वर्षांनी कुणी हे विचारत होतं! सरूबाईने पदर सारखा केला.

"मीननेरातली."

बाजारात, जत्रेत, दवाखान्यात जन्मभर हेच उत्तर दिलेलं. जिभेला तेच वळण. म्हातारी "बरं" म्हणाली आणि पानात करवंदं भरू लागली. सरूबाईचं तोंड पार उतरलं.

"अगं आज्जी, काय सांगतेस?" श्रेया हसत म्हणाली. "तू घोडनेरकरीण ना!"

सरूबाईने नातीचा हात घट्ट धरला.

"पुन्यांदा म्हन," ती म्हणाली.