चौतीस मार्कांचं हृदय

मी तीस वर्षं गणित शिकवलं आणि कुणालाही ग्रेसचा एक मार्क दिला नाही. पास व्हायला पस्तीस लागायचे. चौतीसवाल्यांचे आईबाप दारात येऊन विनवण्या करायचे, आणि मी उंबऱ्यात उभा राहून नियम म्हणजे नियम हे ऐकवायचो. मुलं माझ्या पाठीमागे मला ‘पस्तीसमास्तर’ म्हणत. मला ते आदरानं म्हणतात असं वाटे, एवढी माझी अक्कल. माझी मुलगी माझ्याच वर्गात होती. तिलाही चौतिसावर नापास केलं आणि तिचं वर्ष गेलं. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

निवृत्तीनंतर छातीत दुखलं. मी ते पित्तावर ढकललं आणि दोन दिवस गोळ्या चघळत बसलो. शेवटी बायकोनं दवाखान्यात नेलं. बंद रक्तवाहिन्या उघडल्या, स्टेंट बसले. अडथळा गेला म्हणजे गणित सुटलं, असं मी धरून चाललो. मग इको केला आणि हृदयाचं पंपिंग अठ्ठावीस टक्के निघालं.

डॉक्टरबाईंनी समजावलं, की चांगल्या हृदयाचंही साठच्या आसपासच असतं. रक्त पोचलं तरी उपाशी राहिलेला स्नायू लगेच कामाला लागत नाही. काही भाग मेला असेल, काही नुसता झोपलाय, आणि त्याला जागं व्हायला महिने लागतात. तीन महिन्यांत पस्तीस टक्के गाठले नाहीत, तर छातीत यंत्र बसवावं लागेल, कारण असं हृदय केव्हाही दगा देतं. पस्तीसच. दुसरा आकडाच नव्हता जगात.

तीन महिने मी गोळ्या घड्याळ लावून घेतल्या, मीठ सोडलं, पावलं मोजून चाललो. एवढा अभ्यास तरुणपणी केला असता तर कलेक्टर झाला असतात, असं बायको म्हणाली. मी हसलो, पण मला मरणाची भीती वाटत होती.

निकालाला मुलगी सोबत आली. मी डाव्या कुशीवर पडलो होतो, छातीवर गार जेल. तपासणाऱ्या ताई पडद्यावर हृदयाची कड आखत होत्या. कड आत सरकली, पुन्हा आखा, असं मी दोनदा सांगितलं. त्या बिचारीनं तीन वेळा मोजलं. सरासरी आली चौतीस. तो आकडा घेऊन आम्ही डॉक्टरबाईंकडे गेलो.

“डॉक्टर, एक टक्का इकडेतिकडे होतच असेल ना?” मी विचारलं. आवाज थेट माझ्या दारातल्या आईबापांचा होता.

“देऊन टाका त्यांना,” मुलगी म्हणाली. “एका मार्कानं काय होतं, मला माहीत आहे.”

डॉक्टरबाई म्हणाल्या, की नुसत्या आकड्यावर त्या ठरवत नाहीत. हृदयाची पुढची भिंत तेव्हा हलत नव्हती, आता हलू लागली आहे. यंत्र नको, अजून तीन महिने वाट पाहू.

बाहेर येऊन मी जिन्यापाशी थांबलो. “तुझा तो पेपर मी पुन्हा तपासायला हवा होता,” मी म्हणालो.

“मी तपासला, बाबा. वर्ष गेल्यावर माळ्यावरच्या गठ्ठ्यात सापडला. बेरीज चुकली होती तुमची. छत्तीस होते.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तेव्हा तुम्हाला झेपलं नसतं,” ती म्हणाली. मग तिनं माझ्या शर्टाचं राहिलेलं बटण लावलं आणि जिना उतरायला हात पुढे केला.