भावोजींची चौकशी

माझ्या भावोजींना जगात कुणीही साधं "भूक लागली" असं सांगू शकत नाही. "म्हणजे नेमकं काय हवंय?" हा प्रश्न येतोच. माणिकपूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत गिऱ्हाइकांच्या गरजा लिहून काढणं हे त्यांचं काम. आपल्याला काय हवंय हे गिऱ्हाइकाला स्वतःला कधीच ठाऊक नसतं, ही त्यांची गाढ श्रद्धा. ताईला बघायला आले तेव्हाही ते कागद काढून तिच्या अपेक्षा लिहीत बसले. ताई लाजून म्हणाली, "समजून घेणारा असावा." "म्हणजे नेमकं काय समजून घ्यायचं?" तेव्हा वैतागून तिने सांगून टाकलं, की सकाळी चहाआधी बोलायचं नाही आणि माहेरी का निघालीस हे विचारायचं नाही. भावोजींनी ते तिला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बरोबर उतरलंय ना?" बाबा आत येऊन आईला म्हणाले, "मुलगा बरा आहे गं, पण मुलगी बघायला आलाय की पंचनामा करायला?"

सासरे-जावयाचं तेव्हापासून जरा बेतानेच होतं. नंदाखाल गावातल्या आमच्या केळीच्या वाडीत जन्म काढलेले बाबा मोजकं बोलायचे. एकदा त्यांनी भावोजींना "चांगलासा पंखा आणा" म्हटलं. चांगला म्हणजे वाऱ्याला, आवाजाला की दिसायला, या चौकशीतच उन्हाळा संपला.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं, तर ते डावा हात आपटत, डोळ्यांतून पाणी काढत. आई देवाचा अंगारा लावी, ताई पेज भरवी, मी टीव्ही लावी. बाबा अधिकच चिडत.

रविवारी भावोजी आले. बाबांचा डावा हात हातात घेऊन म्हणाले, "बाबा, हो असेल तर दाबा." मग सुरू झाले. दुखतंय का? पाणी? कुणाला भेटायचंय? हात गप्पच. मी कंटाळून म्हणालो, "भावोजी, पुरे आता." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाहेर जायचंय? वाडीत?"

बाबांनी हात दाबला. आम्ही खुर्ची उचलायला धावलो.

"थांबा रे. बाबा, वाडी बघायचीय, की शिंपायचीय?"

दुसऱ्या शब्दाला बाबांनी हात इतका घट्ट धरला, की भावोजींना सोडवेना.

वाडीत नेऊन आम्ही त्यांच्या डाव्या हातात पाण्याचा पाइप दिला. त्यांनी केळी भिजवल्या, मग मला भिजवलं, मग इस्त्रीची पँट घातलेल्या भावोजींना नखशिखांत. भावोजी जागचे हलले नाहीत.

बाबा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. त्या दिवशी ते हसले होते, असं आई म्हणते. तोंड वाकडं झालेलं, मला काही कळलं नाही. पण भावोजींना विचारलं, की ते हळूच म्हणतात, "हसले रे."