पुढच्या बाकावरचा मिस्त्री

महाडच्या मोटारतळावर चिंचेखाली त्याचं काम चाले. सगळे त्याला नुसतं मिस्त्री म्हणत, मीही तेच. पुढच्या स्प्रिंगांचे पाटे सोडवले की तो ते गोणपाटावर ओळीने मांडी आणि जोडताना स्वतःशीच पुटपुटे, "हा बसला. हा नाय बसला." जोडून झालं की दोन्ही हातांनी मोटारीचं नाक दाबून सोडी आणि ते कसं डुलतं ते मान तिरपी करून बघे. पुष्कळदा पुन्हा सगळं सोडवी. मालकाला मात्र मोटार भरायची घाई.

कधी कधी तो हात पुसून पुढच्या बाकावर, दरीच्या बाजूला येऊन बसे. मग आम्हा भोरच्या उतारूंना धीर येई. "मिस्त्री हायत, आता भीती नाय," कुणीतरी म्हणे.

एकदा वरंध सोडून घाट लागला तेव्हा मी सहज विचारलं, "भोरला काम निघालं वाटतं?"

त्याची नजर डाव्या चाकावर होती. "भोरला माझं कोण हाय? पाटे नीट बसले असते तर कशाला आलो असतो?"

"मालकाला सांगितलं नाही?"

"सांगितलं. मोटार सोड म्हणाला. मग माणसं वर धाडून मी चिंचेखाली बसू?"

तेव्हापासून तळावर आलो की मी आधी चिंचेखाली बघतो. तो तिथे दिसला की बरं वाटतं.

काल तिथे कुणी नव्हतं. पुढच्या बाकावरून त्याने मला पाहिलं आणि सरकून जागा करून दिली.