आगला भाग

माझी कुठलीही गोष्ट खापरपणजोबांपासून सुरू होते. वाणगावच्या बाजारात कोण भेटलं एवढं सांगायचं असलं, तरी मी आधी त्या माणसाच्या आजोळात शिरतो. तोवर बायको स्वयंपाकघरात निघून गेलेली असते.

त्यामुळे लेकीने कॉम्प्युटरवर तो खेळ घेतला, तेव्हा आमचं वाजणारच होतं. राजे, चेटकिणी, आग ओकणारे प्राणी असल्या दुनियेतला खेळ. एक मूळ कथा आणि मागाहून निघालेल्या दोन पुरवण्या. एकीत मूळ कथेच्या पुढचं, दुसरीत ते राज्य वसलं तेव्हाचं. लेक महिनाअखेरीला पुण्याला हॉस्टेलवर जाणार होती. दुपारी चिकू निवडून झाले की जेमतेम दोन तास मिळायचे, तेवढ्यात दोघांची मिळून एखादीच कथा पुरी झाली असती. ती कुठली, एवढंच ठरवायचं होतं.

"ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने," लेक म्हणाली.

"म्हणजे राज्य वसण्याआधीच मी त्यात राहायला जाऊ?"

"बाबा, हा खेळ आहे. आपली वंशावळ नाही."

शेवटी गुजरातच्या सीमेवरच्या वेवजी गावात राहणाऱ्या साडूंना फोन लावला. त्यांनी सगळं खेळून संपवलेलं. ते घाईत होते. म्हणाले, "आगला भाग पहिला खेळा, मजा येईल," आणि फोन ठेवला.

आठवडाभर मी या खेळाचे हिंदी व्हिडिओ बघत होतो. दर व्हिडिओच्या शेवटी तो पोरगा 'अगले पार्ट में मिलते हैं' म्हणायचा. तेव्हा अगला म्हणजे पुढचा, यात शंकाच नव्हती. सल्ला उफराटा वाटला, पण म्हटलं, जाणकारांचं काही गुपित असेल. लेकीने कपाळावर हात मारला आणि पुढची पुरवणी सुरू केली.

गावाच्या चौकात शिरलो, तर समोर एका वैदूबाईचा पुतळा. पायाशी ताजी फुलं. खाली लिहिलेलं, 'आमच्यासाठी प्राण देणाऱ्या माउलीस.'

"ही तर मूळ कथेच्या जाहिरातीत दिसते ती आपली गुरू! बाबा, शेवट फुटला की!"

मी तणतणत पुन्हा वेवजीला फोन लावला. साडू शांतपणे म्हणाले, "अहो, आगला म्हणजे आधीचा. गुजरातीत दुसरं काय म्हणतात?"

जन्मभर गुजराती व्यापाऱ्यांना चिकू विकणाऱ्या मला हे सुचू नये!

"काका तुमच्याच बाजूने बोलत होते," लेक हसत म्हणाली, "आणि तुम्ही स्वतःलाच हरवलंत."

मग लेकीच्या क्रमाने मूळ कथाच घेतली. वैदूबाई जाणार हे दोघांनाही ठाऊक. तरी लढाईत तिला जरा लागलं की लेक आपल्याजवळचं औषध तिला पाजायची.

"वाया घालवतेस," मी म्हणायचो.

"असू दे."

निघायच्या आदल्या दिवशी ती कथा संपली. वैदूबाई गेलीच. लेक बॅग भरायला उठली.

हॉस्टेलवर पोचल्यावर तिचा फोन आला. जेवण कसं आहे ते सांगून झालं, मग म्हणाली, "आगला भाग एकट्याने खेळायचा नाही हं."

"कुठला? हिंदीतला की गुजरातीतला?"

"मी घरी नसताना, कुठलाच."