विजापूरवर कोणी चालून गेलं नाही

इतिहासाच्या तासाला मुलं जांभया देतात, म्हणून मी पुठ्ठ्यावर दख्खनचा पट आखला. तिघांनी तीन शाह्या घ्यायच्या, पाच मिनिटं आपसांत तहाची बोलणी करायची, मग आपापली चाल गुपचूप चिठ्ठीवर लिहायची आणि सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. वर्गात नेण्याआधी रविवारी दुपारी शुक्रवार पेठेतल्या घरीच खेळून बघितला. थोरले दीर विजापूर, मी अहमदनगर, नवरा गोवळकोंडा.

माझं डोकं तसं आधीच तापलेलं होतं. आमच्याच संस्थेच्या बार्शीच्या कॉलेजात मला उपप्राचार्यपद मिळत होतं. आठवडाभर तिथंच राहावं लागणार, म्हणून नवरा म्हणाला होता, "दादाशी मी बोलतो, तू मधे पडू नकोस." दोन दिवसांनी तोंड पाडून आला. "दादा नको म्हणतोय." सोमवारी उत्तर कळवायचं होतं. मी चडफडत त्या पदावर पाणी सोडलं होतं.

खेळात सोलापूरचा किल्ला विजापूरकडे. एकट्याच्या फौजेनं तो पडायचा नाही, हा नियम माझाच. नवऱ्याला स्वयंपाकघरात नेऊन तह केला, दोघांनी एकदम चालून जायचं. तो म्हणाला, "व्हय, व्हय, नक्की." चिठ्ठ्या उघडल्या. माझी फौज किल्ल्याखाली, आणि त्याच्या चिठ्ठीवर 'जागेवर थांबणे'. पुढच्या दोन्ही डावांत तेच. दर वेळी मान डोलवायची आणि दर वेळी ढिम्म! माझी सगळी फौज गारद झाली.

"दादावर कसं चालून जायचं?" तो हसत म्हणाला. "खेळच हाय की."

दादाच वैतागले. "आरं, मग बसलास कशाला खेळायला? तिनं एवढं डोकं लावलंय."

मला राहवेना. "खेळाचं सोडा, दादा. पण बार्शीला तुम्ही का नको म्हणालात?"

"बार्शीचं काय? मला कुणी काय बोललंच न्हाय की."

नवरा खाली बघून सोंगट्या गोळा करायला लागला. मी दादांना सगळं सांगितलं. "लई चांगलं की. जा," एवढंच म्हणाले. पंधरा दिवस मी या माणसाशी धड बोलले नव्हते, त्यांच्या ताटात भाकरी आदळत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारची वाट न बघता मी तिथंच प्राचार्यांना फोन लावला आणि येते म्हणून सांगितलं. नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही.