टाळ्या कोणी वाजवल्या?

अकरा सेकंदांची ती क्लिप मला आजही पाठ आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे दिवस होते. मी तिथल्या ठाण्याचा अधिकारी होतो. देवगडकडच्या एका किनारी गावात रापणकरांचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांचा, म्होरक्या तांडेल सरपंचपदाला उभा होता. क्लिपमध्ये तो हात उंचावून म्हणतो, "आमच्या पोटार पाय देणाऱ्याचा जाळा जळान जावंदे." दुसऱ्याच दिवशी एका ट्रॉलरवाल्याचं जाळं खरोखर जळालं.

पूर्वी याच किनाऱ्यावर रापणकर आणि ट्रॉलरवाल्यांत मारामाऱ्या झाल्या होत्या, जाळी पेटली होती. ती आठवण असलेल्यांनी क्लिप पाहिली आणि बंदरावर घबराट पसरली. वरून फोन आला : चिथावणीचा गुन्हा लावा, तांडेलला आत घ्या. मतदान तोंडावर होतं. त्याची मासे विकणारी आई ठाण्यात येऊन बसली. "सायबानू, ह्येका आत घातलास तर मतदान झाला काय आणि नाय काय, सारख्याच."

मी आरोंद्याचा, मालवणी मुलखातलाच. ऐकताच ओळखलं की हे भाषण नाही, आमच्याकडचं देवापुढचं गाऱ्हाणं आहे. प्रचाराचा नारळ देवळापुढे ठेवून तांडेल देवाला साकडं घालत होता. पण माझ्या ओळखण्यावर कोर्ट चालत नाही, पुरावा लागतो. आणि माझ्याकडे एक प्रत्यक्षदर्शी होता. सभेत भाषण ऐकून पेटलेले लोक आपण पाहिले, असं त्याने स्वतःहून येऊन सांगितलं होतं.

त्याला बोलावलं, चहा दिला. ऑफिसातल्या मराठीत माणूस पाठ केलेलं बोलतो, म्हणून मी मालवणीवर आलो.

"तू खंय उभो होतस?"

"अगदी फुडे, सायबानू."

"तेणी जाळ्याचा म्हटल्यार लोकांनी काय केल्यानी?"

"टाळये वाजवल्यानी. मी पण वाजवलंय."

मला हसू आवरेना. गाऱ्हाण्यात टाळ्या कोण वाजवतो? माणसं हात जोडून उभी राहतात आणि प्रत्येक मागणीला एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. क्लिप त्या हुंकाराच्या आधीच कापलेली होती. या गड्याने पुढचं आपल्या मनाने जोडलं, शहरातल्या सभेसारखं. तो देवळापुढे नव्हताच.

गावातल्या एका मोबाइलवर पूर्ण चित्रण मिळालं. सुरुवातीला देवाचं नाव, शेवटी गावाचा हुंकार, टाळी एकही नाही. ते दाखवल्यावर त्या साक्षीदाराने कबुली दिली. विरोधी उमेदवाराच्या खास माणसाच्या सांगण्यावरून जाळं यानेच पेटवलं होतं. पंचांसमक्ष त्याने माडाच्या बागेतून रॉकेलचा कॅन काढून दिला. संध्याकाळपर्यंत दोघेही लॉकअपमध्ये होते. वर फोन करून मी अहवाल दिला, तेव्हा मला भलताच आनंद झाला होता, तो मी लपवला नाही.

तांडेललाही मी सुनावलं. "देवळापुढे म्हटलेला देवाकडे जाता. मोबाइलात घातलेला बंदरार जाता. थंयच्या लोकांच्या डोळ्यांफुडे जुनी आग आसा." तो मान खाली घालून "खरा आसा" म्हणाला.

भाषणाचा गुन्हा आला की अधिकारी शब्दांचा पंचनामा करतो. या प्रकरणाने मला समोर उभ्या असलेल्यांचा आणि त्यांच्या जुन्या दुखण्याचा पंचनामा करायला शिकवलं. पुढे एकाही भाषणाचा तपास मी तेवढं विचारल्याशिवाय केला नाही.

मतदानाला बंदोबस्तावर मी स्वतः त्या गावात गेलो. तांडेल आईचा हात धरून रांगेत उभा होता. मतमोजणी दोन दिवसांनी होती. माझा निकाल मात्र तिथेच लागला.