फिरंग्यांचा गोळा

तारापूरच्या एका सुकी मासळी विकणाऱ्या म्हातारीनं मला फसवलं. मी भंगारवाला. हातगाडीपासून बोईसरच्या गोदामापर्यंत पोहोचलो, तो कुणाकडूनही न फसता. म्हणून अजून झोंबतं.

किल्ल्याकडच्या बाजारात तुम्हीही तिला पाहिलं असेल. पारशिणींशी ती गुजरातीत बोलायची, कारखान्यातल्या कामगारांशी हिंदीत. माझ्याशी भांडायची. खाऱ्या मासळीच्या पिंपावर तिची फळी असे आणि फळीवर दाब म्हणून तोफेचा गोळा. पोर्तुगीजांच्या वेळचा, तिच्या आज्याला खाडीच्या चिखलात सापडलेला.

"विकतेस का?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"देईन तुलाच. नारली पुनव होऊ दे."

नारळी पौर्णिमेनंतर गेलो, तर म्हणाली, "आता होली होऊ दे." होळीला गेलो, तर, "शेट, तुजा टेम्पो रिकामाच चाललाय ना? माज्या टोपल्या घे." त्या टोपल्या मी बोईसरपर्यंत किती वर्षं वाहिल्या!

एकदा संतापून ओरडलो, "अगं, लोखंड आहे ते, सोनं नाही!"

"सोना नाय? मंग मागं कशाला लागलास? फिरंगी ह्यो टाकून पलाला, तरी अजून मासली दाबतो. तुजा टेम्पो बग, आताच खुलखुला झालाय."

शेजारच्या बायका खदखदून हसल्या. मलाही हसू आलं, मग हसल्याचा राग आला. निघताना तिनं सीटवर बोंबलांची जुडी टाकली. "घे. उपाशी पोटी शिव्या नीट येत नाय."

यंदा ती गेली. मला कळलं ते बारावं झाल्यावर. धावत बाजारात गेलो. तिच्या घरात भाड्यानं राहणारी बिहारी बाई तिच्या जागेवर बसली होती. समोर तेच पिंप, वर तोच गोळा.

"हा ती मला देणार होती," मी म्हणालो.

"मैंने भी पूछा था, देती क्यों नहीं," बाई म्हणाली. "मौसी बोली, दे दिया तो सेठ फिर काहे को आएगा?" तिनं दोन्ही हातांनी गोळा उचलून माझ्यापुढे ठेवला. "अब ले जाइए."

मी हात लावला नाही. असलं गंजकं लोखंड मी गोदामाच्या दारावरूनच परत पाठवतो.

त्या एवढ्याशा लोखंडासाठी मी येत होतो, हे तिनं कुणाला विचारून ठरवलं? आणि शेजारी बसून रोज हसणाऱ्या बायांनो, तुम्हाला तर सगळं दिसत होतं. तुमच्यातल्या एकीनंही तिला का सांगितलं नाही? बोला!